शाळेच्या वर्गात चित्रपट कसा शिकावा: मोजून पाहणे आणि छोटे करून पाहणे

माध्यमिक शाळेच्या वर्गात चित्रपट हा विषय सुरू झाला की पहिल्याच तासाला दोन गट पडतात. एका गटाला ताबडतोब कॅमेरा हातात हवा असतो. दुसऱ्याला चित्रपटांविषयी बोलायचे असते, आणि ते बोलणे बहुधा कथानक सांगण्यापलीकडे जात नाही. अभ्यासक्रम आखणारेही पुष्कळदा हीच फाळणी कायम ठेवतात आणि पहिल्या सत्रात रसग्रहण, दुसऱ्या सत्रात निर्मिती अशी वाटणी करून मोकळे होतात. माझ्या अनुभवात या वाटणीने दोन्ही बाजूंचे नुकसान होते. ज्याने स्वतः दोन शॉट (कॅमेरा चालू केल्यापासून थांबवेपर्यंतचे सलग तुकडे) जोडून पाहिले आहेत त्यालाच दुसऱ्याच्या चित्रपटातला कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर जाण्याचा सांधा, दिसू लागतो, आणि ज्याने दुसऱ्याचे दृश्य शॉट मोजत पाहिले आहे तोच पुढे कॅमेरा कुठे ठेवायचा याचा विचार करू लागतो. म्हणून पुढे सुचवलेल्या पद्धतीत पाहण्याच्या प्रत्येक पाठामागोमाग करण्याचा एक पाठ येतो, आणि तो एक-दोन तासिकांत आटोपेल इतका लहान असतो.

साधनांची यादी लांबवण्याचे कारण नाही. प्रत्येक गटामागे एक मोबाइल फोन (आवाजाच्या पाठाला आणखी एक), एक ट्रायपॉड, एक इयरफोन आणि साधे संकलनाचे सॉफ्टवेअर असलेला एक संगणक एवढे पुरते. गट पाच जणांचा असावा आणि दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी, संकलन व कंटिन्युइटी (एका शॉटमधल्या वस्तू, कपडे, हात पुढच्या शॉटमध्ये तसेच आहेत ना याची नोंद) ही पाच कामे प्रत्येक पाठाला आळीपाळीने बदलावीत. तसे केले नाही तर ज्याचा फोन त्याचाच कॅमेरा, हे पहिल्या आठवड्यातच ठरून जाते.

एक दृश्य, तीन वेळा

पहिल्या महिन्यात संपूर्ण चित्रपट दाखवून चर्चा घेण्याचा मोह टाळावा. दोन तासांच्या चित्रपटात हजाराहून अधिक शॉट असू शकतात आणि त्यांतला एकही चर्चेच्या वेळी कोणाला नीट आठवत नाही. आठवते ते फक्त कथानक. त्याऐवजी दोन-तीन मिनिटांचे एकच दृश्य निवडावे. त्यात दोन माणसे असावीत, एकच जागा असावी, एखादी लहानशी कुरबूर असावी आणि संवाद शक्य तितके कमी असावेत. गाजलेले दृश्य निवडू नये, कारण त्याविषयी ऐकलेली मते विद्यार्थी तोंडपाठ म्हणून दाखवतात.

हे दृश्य पहिल्या वेळी काहीही न सांगता, साध्या प्रेक्षकासारखे पाहू द्यावे. दुसऱ्या वेळी आवाज पूर्ण बंद करावा आणि नंतर प्रत्येकाने एकच प्रश्न सोडवावा: या दोघांपैकी वरचढ कोण आहे, आणि हे तुम्हांला चौकटीतल्या कोणत्या गोष्टीवरून कळले? तिसऱ्या वेळी पडदा झाकून फक्त आवाज ऐकवावा व संवाद सोडून ऐकू आलेल्या सगळ्या आवाजांची यादी करायला सांगावी. आधीच्या दोन खेपांना ज्यांना ‘शांत’ वाटलेले दृश्य असते त्यांच्याच यादीत दाराची कडी, दूरची वाहने, कपड्यांची सळसळ, भांड्यावर चमचा ठेवल्याचा आवाज असे दहा-बारा आवाज सापडतात. हे सगळे आवाज कोणीतरी निवडून, त्यांची पातळी ठरवून तिथे ठेवले आहेत, हे सांगण्याची हीच योग्य वेळ आहे.

यानंतर तक्ता. फळ्यावर सहा रकाने आखावेत: शॉटचा क्रमांक, त्याची लांबी सेकंदांत, शॉटचा आकार म्हणजे लाँग (लांबून), मिड (मध्यम अंतरावरून) की क्लोजअप (अगदी जवळून), कॅमेऱ्याची हालचाल, ऐकू येणारा आवाज, आणि शेवटचा रकाना ‘इथेच कट का?’ दर कटला चित्र थांबवून तक्ता भरत जावे. काम कंटाळवाणे आहे; तीन मिनिटांच्या दृश्याला पाऊण तास लागतो आणि निम्मा वर्ग वीस मिनिटांत जांभया देऊ लागतो. तरीही हा पाठ गाळू नये.

तक्त्यातून काय हाती येते ते एका कल्पित दृश्यावर पाहू. एक मुलगी शाळेतून आलेले पत्र वडिलांना दाखवते आणि वडील ते वाचतात, एवढाच प्रसंग आहे. दृश्य १८० सेकंदांचे आहे आणि त्यात ३६ शॉट आहेत, म्हणजे एका शॉटची सरासरी लांबी ५ सेकंद झाली. पण सरासरी इथे फसवते. तक्ता नीट पाहिला तर पहिल्या ९० सेकंदांत केवळ ६ शॉट आहेत, म्हणजे सरासरी १५ सेकंदांचा एक, आणि उरलेल्या ९० सेकंदांत ३० शॉट आहेत, म्हणजे ३ सेकंदांना एक. वेग नेमका कुठे बदलला? सातव्या शॉटला, वडिलांनी पत्र हातात घेतले तेव्हा. तोपर्यंत दोघे एकाच चौकटीत होते; त्यानंतर ते पुन्हा एकत्र दिसतच नाहीत. ‘दोघांमध्ये दुरावा येतो’ असे कथानक सांगणाराही म्हणेल. तो दुरावा कोणत्या शॉटपासून, कशाने निर्माण झाला हे ज्याला सांगता आले त्याने विश्लेषण केले.

लिहितानाही हाच क्रम पाळावा: आधी काय दिसले किंवा ऐकू आले, मग ते कोणत्या तंत्राने साधले, आणि मग त्याचा परिणाम काय झाला. ‘दिग्दर्शकाने कॅमेऱ्याचा सुंदर वापर करून भावना प्रभावीपणे मांडल्या आहेत’ हे वाक्य जगातल्या कोणत्याही चित्रपटाला चिकटवता येते, म्हणून त्याला शून्य गुण. ‘पत्र उघडल्यावर मुलीचा चेहरा दाखवणे संकलकाने ११ सेकंद लांबवले आहे, तेवढा वेळ आपण फक्त कागदाची घडी उलगडल्याचा आवाज ऐकतो, आणि ती काय विचार करते आहे याचा अंदाज आपल्यालाच बांधावा लागतो’ हे वाक्य त्या एका दृश्याचेच आहे. वर्गात मी एक नियम केला आहे: पहिली दहा मिनिटे ‘छान’, ‘बोअर’ आणि ‘भारी’ हे तीन शब्द बंद. सुरुवातीला वर्ग गप्प बसतो, मग वर्णनाला लागतो.

पहिला शॉट

ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये तिकीट लावून आपले चित्रपट दाखवले तेव्हा त्यांतला प्रत्येक चित्रपट जेमतेम ५० सेकंदांचा होता, कारण त्यांच्या कॅमेऱ्यात सुमारे १७ मीटरच फिल्म बसत असे. कॅमेरा एका जागी उभा, कट नाही, आवाज नाही. विद्यार्थ्यांचा पहिला चित्रपट अगदी असाच असावा: ५० सेकंद, एकच शॉट, कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर, झूम आणि पॅन (कॅमेरा जागच्या जागी आडवा फिरवणे) दोन्ही वर्ज्य. विषय एवढाच, की चौकटीत काहीतरी यावे, घडावे आणि संपावे. मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावरचा जिना, पाण्याच्या नळाजवळची रांग, वर्ग झाडणे, असे काहीही चालते.

बंधन इतके कडक असल्यामुळे ठरवायच्या गोष्टी दोनच उरतात: कॅमेरा कुठे ठेवायचा आणि बटण केव्हा दाबायचे. जिन्यासमोर सरळ उभे राहून घेतलेल्या शॉटमध्ये मुले सपाट भिंतीवर सरकल्यासारखी दिसतात. तोच शॉट जिन्याच्या पायथ्याशी, एका बाजूने तिरका घेतला तर वरून लहान दिसणारी मुले मोठी होत जवळ येतात आणि चौकटीच्या कडेने बाहेर पडतात. ल्युमिएरांचा फलाटावर येणाऱ्या रेल्वेगाडीचा प्रसिद्ध शॉट तिरक्याच कोनातून घेतलेला आहे. तो मी वर्गाला आधी दाखवत नाही. आपले शॉट पाहून झाल्यावर दाखवतो.

चित्रीकरणापूर्वी फोनची तयारी दोन मिनिटांत होते. भिंग स्वच्छ पुसावे, फोन आडवा धरावा, फ्लाइट मोड चालू करावा, आणि सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रे, हे सगळ्या गटांनी एकसारखे ठरवावे. २४, २५ किंवा ३० यांपैकी काहीही चालेल, पण मिसळ नको. फोकस व एक्सपोजर (चित्रात किती उजेड घ्यायचा ते) लॉक करावे, नाही तर कोणी पांढरा सदरा घालून समोरून गेले की सगळे चित्र काळवंडते. डिजिटल झूम वापरू नये. जवळचे हवे असेल तर दोन पावले पुढे जावे. दिव्यांखाली चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर शटरचा वेग सेकंदाचा पन्नासावा किंवा साठावा भाग करून पाहावा, कारण ते पट्टे विजेच्या वारंवारतेशी शटर जुळत नसल्यामुळे येतात.

ज्या गटाचे काम लवकर संपते त्यांना एक जोडकाम देता येते. दादासाहेब फाळके यांनी १९१३चा आपला पहिला मोठा चित्रपट काढण्यापूर्वी, हे तंत्र आपल्याला येते हे दाखवून देण्यासाठी, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा लावून दररोज एक फ्रेम याप्रमाणे महिनाभराहून अधिक काळ चित्रण केले आणि रोप उगवून वाढतानाचा छोटासा चित्रपट तयार केला. खिडकीतली कुंडी, न हलणारा ट्रायपॉड आणि चिकाटी असली की हा पाठ आजही जसाच्या तसा करता येतो. यातली अवघड गोष्ट चिकाटी नव्हे, ट्रायपॉडला महिनाभर कोणाचा धक्का न लागणे ही आहे.

दोन शॉटांमधली जागा

लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाच्या नावाने ओळखला जाणारा प्रयोग प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो: नटाचा एकच निर्विकार चेहरा आधी सूपच्या ताटलीशेजारी, मग शवपेटीशेजारी जोडला, तेव्हा प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक, कधी शोक दिसला. तो सांगून पुढे जाऊ नये, करून पाहावा. गटातल्या एकाचा क्लोजअप दहा सेकंद घ्यावा. त्याला अभिनय करू देऊ नये. मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजायला सांगावे. मग तीन वेगळे शॉट घ्यावेत: कोरी उत्तरपत्रिका, रिकामे मैदान, आणि दाराखालून सरकणारी सावली. चेहरा, वस्तू, पुन्हा तोच चेहरा अशा तीन जोडण्या तयार कराव्यात आणि दुसऱ्या वर्गातल्या मुलांना त्यांतली एकेकच दाखवून ‘याला काय वाटते आहे?’ एवढेच विचारावे. पुढच्या काळात मानसशास्त्रज्ञांनी हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा निकाल नेहमीच इतके ठाम आले नाहीत, त्यामुळे तुमच्या वर्गात तो फसला तरी बिघडत नाही. का फसला याची चर्चाच अधिक उपयोगी पडते. बहुतेकदा चेहऱ्याची नजर आणि वस्तूची दिशा जुळलेली नसते.

नजरेचा मुद्दा आला की अक्षाचा नियम आपोआप समोर येतो. एका बाकावर समीर डावीकडे आणि नेहा उजवीकडे बसली आहे. समीर तिची वही परत करतो आहे. या दोघांना जोडणारी एक रेघ खडूने जमिनीवर खरोखरच आखावी. कॅमेरा या रेघेच्या एकाच बाजूला, म्हणजे १८० अंशांच्या अर्धवर्तुळात राहिला तर समीर नेहमी उजवीकडे पाहताना दिसेल आणि नेहा डावीकडे, आणि वेगवेगळ्या शॉटमध्ये असूनही ते एकमेकांकडे पाहत आहेत असे वाटेल. कॅमेरा रेघ ओलांडून पलीकडे गेला की दोघेही एकाच दिशेला पाहताना दिसतात आणि वही परत करण्याऐवजी तो ती तिसऱ्याच कोणाला देतो आहे असा भास होतो. विद्यार्थ्यांकडून ही चूक एकदा मुद्दाम करवून घ्यावी. खडूची रेघ आणि पडद्यावरचा घोटाळा दोन्ही पाहिलेला विद्यार्थी हा नियम पुन्हा विसरत नाही, आणि जो पाठ करतो तो परीक्षेनंतर विसरतो.

याच प्रसंगात कृतीवरचा कट शिकवता येतो. समीर वही उचलतो, हात पुढे करतो, नेहा वही घेते, ही संपूर्ण कृती आधी लांबून आणि मग जवळून, अशी दोनदा पूर्णपणे चित्रित करावी. संकलनात कट हात हवेत असतानाच घ्यावा. हात थांबल्यावर कट घेतला तर सांधा दिसतो. हात चालू असताना घेतला तर डोळा हालचालीमागे जातो आणि सांधा लपतो. मात्र दोन शॉटांमधला कोन किमान ३० अंशांनी बदलावा आणि आकारही बदलावा, नाही तर चित्र अडखळल्यासारखे उडी मारते. पहिल्या शॉटमध्ये वही उजव्या हातात आणि दुसऱ्यात डाव्या हातात, हा प्रकार कंटिन्युइटी सांभाळणाऱ्याच्या वहीत नोंद नसली की हमखास घडतो.

नियम सांगितल्यावर त्यांची किंमतही सांगावी. वॉल्टर मर्च हे नामवंत संकलक चांगल्या कटचे निकष मांडताना भावनेला ५१ टक्के वजन देतात, कथेला २३, लयीला १०, आणि त्रिमितीतल्या जागेच्या सलगतेला सर्वांत शेवटी केवळ ४ टक्के. वहीचा हात चुकला पण नेहाचा चेहरा त्याच टेकमध्ये, म्हणजे चित्रणाच्या त्याच खेपेत, खरा उतरला असेल, तर तोच टेक ठेवावा.

आवाज

पहिल्या वर्षी मी वर्गाला थेट पंधरा मिनिटांचा चित्रपट करू दिला. चित्रे बरी आली होती. पण सगळे चित्रीकरण डोक्यावर पंखा फिरत असताना झाले होते आणि एकानेही इयरफोन लावून ऐकले नव्हते. स्नेहसंमेलनात पडद्यावर नायिका बोलत होती आणि सभागृहात पंखा ऐकू येत होता. तेव्हापासून ध्वनी सांभाळणाऱ्याने ‘चालेल’ म्हटल्याशिवाय टेक ग्राह्य धरायचा नाही, असा नियम आहे.

फोनचा माइक तीन मीटरवरून बोलणाऱ्याचा आवाज आणि खोलीचा घुमारा सारख्याच निष्ठेने टिपतो. म्हणून दुसरा फोन ध्वनिमुद्रणासाठी घेऊन तो बोलणाऱ्याच्या खिशात किंवा चौकटीच्या जेमतेम बाहेर, हातभर अंतरावर ठेवावा. दोन्ही फोन चालू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवावी. टाळीचे चित्र आणि टाळीचा टोकदार आवाज जुळवले की चित्र व ध्वनी एकमेकांवर बसतात. चित्रीकरण संपल्यावर सर्वांनी ३० सेकंद गप्प उभे राहून त्या खोलीची नुसती शांतता मुद्रित करावी. संकलनात दोन संवादांमधली पोकळी भरायला तीच लागते, कारण ध्वनिपट्टीवर काहीच नसेल तर कानाला ते शांततेसारखे नव्हे, बिघाडासारखे वाटते.

तीन मिनिटांची पटकथा

एवढे सगळे झाल्यावरच कथा. बंधने अशी: दोन पात्रे, एक जागा, एक वस्तू, संवाद सहापेक्षा जास्त नाहीत. प्रचलित मांडणीत पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट धरतात, म्हणून तीन पाने पुरे.

विद्यार्थ्यांच्या पहिल्या मसुद्यात ‘रोहनला आईची खूप आठवण येते आणि त्याला अपराधी वाटते’ अशी वाक्ये असतात. कॅमेऱ्याला आठवण दिसत नाही. तेव्हा विचारावे, ही गोष्ट दिसणार कशातून? एका मुलाने बराच वेळ विचार करून लिहिले: ‘रोहन फोन उचलतो, नंबर लावतो, पहिली रिंग वाजताच बंद करतो. फोन उलटा ठेवतो.’ यात भावनेचा एकही शब्द नाही आणि चित्रित करता येणार नाही असेही काही नाही. पटकथा तपासताना जे दिसत नाही आणि ऐकू येत नाही ते प्रत्येक वाक्य पेन्सिलीने अधोरेखित करायचे, एवढी एकच कसोटी लावली तरी मसुदा निम्म्यावर येतो.

स्टोरीबोर्डला, म्हणजे शॉटांच्या कच्च्या चित्रमालिकेला, चित्रकला यावी लागत नाही. काड्यांची माणसे चालतात, फक्त नजरेची दिशा बाणाने दाखवावी. चित्रीकरणापूर्वी जागेच्या मालकाची आणि चौकटीत येणाऱ्यांच्या पालकांची लेखी परवानगी घ्यावी. संगीत स्वतः वाजवलेले किंवा रीतसर परवानगी असलेलेच घ्यावे.

एकच फुटेज, सहा संकलने

संकलन शिकवण्याची मला सापडलेली सर्वांत चांगली युक्ती अशी. एका गटाने चित्रित केलेले सगळे टेक, चुकलेलेही, वर्गातल्या सहाही गटांना द्यावेत आणि प्रत्येकाने त्यातून दोन मिनिटांचे दृश्य तयार करावे. एका वर्षी नेहा-समीरच्या वहीचेच फुटेज वाटले. एका गटाने वही घेण्यापूर्वीचा नेहाचा चार सेकंदांचा विराम ठेवला आणि त्यांचे भांडण झालेले असावे असे दिसू लागले. दुसऱ्याने तो विराम काढला आणि तो नुसता वही देण्याचा प्रसंग झाला. तिसऱ्या गटाने चुकलेल्या टेकमधले समीरचे हसू, जे प्रत्यक्षात संवाद विसरल्यामुळे आले होते, शेवटी लावले आणि सगळे दृश्य फिरवले. समीर झालेला मुलगा ते पाहून म्हणाला, ‘सर, मी असं केलंच नव्हतं.’

तयार चित्रपट दाखवताना पहिली पाच मिनिटे ज्यांनी तो केला त्यांनी तोंड उघडायचे नाही. प्रेक्षकांनी काय पाहिले ते सांगायचे, गटाने ते लिहून घ्यायचे, आणि मगच आपला हेतू सांगायचा. आधी हेतू सांगितला की प्रेक्षक तोच पडद्यावर शोधून काढतात.

गुणांच्या बाबतीत माझे मत असे, की अंतिम चित्रपटाला निम्म्याहून कमी गुण असावेत. उरलेले गुण शॉटचा तक्ता, पटकथेचे मसुदे, स्टोरीबोर्ड, चित्रीकरणाच्या नोंदी आणि ‘कोणता कट बदलला आणि का’ यावरचे एक पान यांना द्यावेत. ज्याच्याकडे चांगला फोन आहे त्याचा चित्रपट चांगला दिसणारच. त्याचे पान चांगले असेलच असे नाही.

शेवटच्या आठवड्यात पहिल्या महिन्यातले तेच दृश्य पुन्हा लावावे, जुना तक्ता न दाखवता नवा भरायला सांगावा आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. ‘इथेच कट का?’ या रकान्यात जूनमध्ये ज्या मुलीने ‘कारण आता वडील बोलतात’ असे लिहिले होते, तिने या वेळी लिहिले: ‘वडील बोलायच्या आधीच कट केला आहे, म्हणजे बोलणे ऐकताना आपण मुलीकडे पाहतो. वडिलांचा चेहरा असता तर आपण त्यांची बाजू घेतली असती.’ त्याखाली तिने कंसात स्वतःच्या चित्रपटातल्या एका शॉटचा क्रमांक टाकून ‘मी इथे चुकले’ असेही लिहिले होते.